पाणी कुणी दिलं

मंगळवारी सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटांनी एका कापणीवालीच्या हातातला विळा तुटला. पुढचा तुकडा उडून तिच्या डाव्या मनगटात घुसला. जखम खोल नव्हती, रक्त मात्र बरंच गेलं. शेजारणीने आपल्या डोक्याचं फडकं सोडून तिचं मनगट आवळलं आणि ती पुन्हा वाकली. पाच-सात मुठी कापून होतात तोच तिच्याही विळ्याचं टोक गेलं. साडेसातपर्यंत तिसरा विळा तुटला.

टोळीत चाळीस बाया होत्या. सोसायटीची जमीन उताराची, तिथे यंत्र चढत नाही, पीक हातानेच काढावं लागतं. खरी कापणी येत्या सोमवारी सुरू व्हायची होती. हा तुकडा लवकर पिकला म्हणून आधी घेतला होता. हवा कोरडी होती, वारा सुटला होता आणि कणसं भरून वाकली होती. कापणी आठवडाभर लांबली तर निम्मा दाणा मातीत जाणार, हे बांधावरून जाणाऱ्यालाही कळत होतं.

मुकादमीण पन्नाशीची, रुंद खांद्यांची. तिने सगळे तुकडे फडक्यात बांधले आणि सोसायटीच्या गोदामामागच्या भट्टीकडे निघाली.

पत्र्याच्या छपराखाली मिस्त्री ऐरणीपाशी बसला होता. डाव्या हातात सांडशी, उजव्यात लहान हातोडा. हातोड्याने लोखंडावर टिचकी मारून तो जागा दाखवायचा आणि समोर उभी असलेली त्याची बायको त्या जागेवर घण घालायची. घण साडेचार किलोचा होता. एकवीस वर्षं ती तो मारत होती. लोक तिला घणवाली म्हणत, आणि ते कौतुकाने म्हणत नसत. सोसायटीच्या परवान्यावर दोघांची नोंद होती: कारागीर एक, मदतनीस एक.

"मिस्तरी, हे बघा तुमचे प्रताप," म्हणत मुकादमिणीने फडकं ऐरणीवर उलटं केलं.

मिस्त्रीने एक तुकडा उचलून बोटांनी चाचपला. घणवालीने घण टेकवला, दुसरा तुकडा घेतला आणि तुटलेली कड उजेडात धरली. आत मिठासारखे जाड, चमकणारे दाणे होते. पात्याचं पाणी चुकलं होतं.

पाणी देणं हे या धंद्यातलं शेवटचं आणि नाजूक काम. लाल झालेलं पातं एकदा पाण्यात बुडवून कडक करायचं, विटेच्या तुकड्याने घासून चकचकीत करायचं आणि परत निखाऱ्यांवर धरायचं. पात्यावर रंग चढत जातो. आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, मग निळा. पिवळ्यावर पुन्हा पाण्यात घालायचं. त्याआधी घातलं तर पातं काचेसारखं तुटतं. निळं होऊ दिलं तर धार वळते. मधला अवधी दोन श्वासांचा. हे काम पुरुषानेच करायचं, असं धंद्यात पहिल्यापासून चालत आलं होतं. बाईची नजर ठरत नाही, असं म्हणत.

"कधीचे आहेत?" मिस्त्रीने विचारलं.

"गेल्या बुधवारचे. अकरा दिले होतेत. तीन गेले, बाकीचे आठ मी बायांच्या हातातून काढून घेतले. उद्या कुणाचा डोळा गेला, तर तुमचा काढून देणार का?"

मिस्त्री तुकडा हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "बुधवारी मी जागेवर नव्हतो. हिनं दिलं असेल पाणी. किती वेळा सांगितलं, हात लावू नको म्हणून."

घणवालीने त्याच्याकडे पाहिलं. बुधवारी तो जागेवर होता. ती नव्हती. खांद्याचं दुखणं दाखवायला ती सकाळीच दवाखान्यात गेली होती आणि चार तास बाकावर बसली होती. मलमाची डबी देताना कंपाउंडर म्हणाला होता, "बायकांनी जड उचलू नये हो. घरच्यांना सांगा, एखादा गडी ठेवा."

"बाईनं पाणी दिलं?" मुकादमीण ओरडली. "आणि तुम्ही तसले विळे माझ्या पोरींच्या हातात दिलेत?" मग ती घणवालीकडे वळली. "तुला घण कमी पडत होता का गं? आता मिस्त्रीपण व्हायचंय?"

घणवालीने हातातला तुकडा ऐरणीवर ठेवला. बोलली असती तर तिला नवऱ्याच्या डोळ्यांबद्दल बोलावं लागलं असतं.

तीस वर्षं भट्टीत बघून मिस्त्रीच्या डोळ्यांचे पडदे गेले होते. आता शस्त्रक्रियेचा उपयोग नाही, असं डॉक्टरने सांगून दोन वर्षं झाली होती. त्याला माणसं दिसत, दार दिसे, तापलेल्या लोखंडाचा लाल दिसे. पात्यावरचा पिवळा दिसत नसे. त्या पहिल्या दिवसांत एकदा पिवळा चढून पुढे सरकू लागला तरी तो बुडवेना, तेव्हा भट्टीला वारा देणारा पंखा फिरवणाऱ्या घणवालीने दांडा थांबवला. पंखा हाताचा, जुना, फिरताना कुरकुर करायचा. कुरकुर थांबली तसं मिस्त्रीने पातं पाण्यात घातलं. पातं अचूक उतरलं. तेव्हापासून दोन हंगाम असंच चाललं होतं. या दोघांत त्याबद्दल एकदाही बोलणं झालं नव्हतं.

दुपारी घरी सासू डाळ निवडत बसली होती. घणवालीने तिच्यासमोर बसून विचारलं, "आई, बुधवारी पंखा तुम्ही फिरवलात?"

"मग कोण फिरवणार? तू गेलेलीस गावभर हिंडायला."

"मधे थांबत होतात का?"

"थांबू नको तर काय करू? सत्तरीचा हात आहे माझा. भरून आला की थांबायचे." म्हातारीने एक खडा काढून बाजूला ठेवला. "पण पोरगं माझं मायाळू. मी थांबले रे थांबले, की पातं पाण्यात. म्हटलं, आईचे हाल बघवत नाहीत त्याला."

मिस्त्री दारात उभा होता.

"ऐकलंत?" घणवाली म्हणाली.

"ऐकलं."

"मग जाऊन सांगा मुकादमिणीला."

"काय सांगू? आंधळा झालो म्हणून सांगू? शुक्रवारी परवाना नव्यानं व्हायचाय. आंधळ्याला कोण भट्टी देतं?"

"आणि माझ्या डोक्यावर खापर फोडलंत ते?"

"तुझं काय जातंय त्यात? धंद्यात तुझं नाव आहे कुठं, जायला? बाईचं चुकलं म्हणून लोक चार दिवस हसतील आणि विसरतील. माझं चुकलं म्हटलं तर विसरतील का?"

"पाणी हीच देते, असं सांगा. दोन वर्षं देतेय. एक विळा परत आला नाही."

मिस्त्री हसला. "तू दांडा थांबवतेस. पाणी मी देतो."

"नवऱ्याचे डोळे चव्हाट्यावर मांडणार का तू?" सासू डाळीतून मान वर न करता म्हणाली. "मग बस मिरवत."

बुधवारी सकाळपासून लोक विळे परत आणू लागले. गेल्या बुधवारचे नव्हेत, गेल्या वर्षीचे, त्याच्या आधीचेही. वर्षभर बिनबोभाट चाललेले विळे अंगणात येऊन पडत होते. "याला हिचा हात लागलाय का, तेवढं सांगा," असं म्हणत आणि घणवालीकडे न बघता मिस्त्रीच्या पुढ्यात टाकत. मिस्त्री प्रत्येकाला म्हणे, "बघतो, बघतो." एक म्हातारा शेतकरी जाता जाता म्हणाला, "घणवालीच्या विळ्यानं फार तर केळं कापावं, तेही सोललेलं." फाटकाबाहेर हशा झाला.

लोक गेल्यावर घणवालीने एकेक विळा गुडघ्यावर धरून वाकवला आणि सोडला. सत्तावीस होते. सगळे सरळ झाले. तिने ते भिंतीशी ओळीने लावून ठेवले.

गुरुवारी साडेदहाला ती सोसायटीच्या कचेरीत गेली. चिटणीस कागद टाचत होता. बाकावर दोन संचालक चहा पीत बसले होते.

"मिस्तरी कुठायत?" चिटणिसाने विचारलं.

"मी आलेय."

"ते दिसतंय. मिस्तरी कुठायत?"

"तुटलेल्या विळ्यांना मी पाणी दिलं नाही. त्याआधी दोन वर्षं सगळ्या विळ्यांना दिलं. त्यांना रंग दिसत नाही. उद्याचा परवाना माझ्या नावावर करा."

चिटणिसाने टाचणयंत्र खाली ठेवलं. "मग दोन वर्षं मिस्तरी काय करत होते?"

"सांडशी धरत होते."

"घ्या!" बाकावरचा एक संचालक म्हणाला. "म्हणजे आता कुणाच्या घरात कोण काय धरतं, तेही सोसायटीनं बघायचं." दुसऱ्याला चहाचा ठसका लागला.

घणवाली त्यांच्याकडे वळली नाही. "अर्जात कारागीर म्हणजे पुरुष, असं छापलंय का?"

"छापलेलं नाही," चिटणीस म्हणाला. "छापायची कधी गरज पडली नाही."

"मग परीक्षा घ्या. सगळ्यांसमोर. एक पातं त्यांनी करायचं, एक मी."

"हा तमाशाचा फड नाही, बाई. घरचं भांडण घरी मिटवा."

मुकादमीण दारात येऊन उभी होती. ती विळ्यांची चौकशी करायलाच आली होती. "घ्या परीक्षा," ती म्हणाली. "सोमवारी चाळीस बाया घेऊन मी काय तुमच्या कचेरीचा पाला उपटू? कोण शहाणं आणि कोण खोटं, त्याच्याशी मला घेणं नाही. मला विळा पाहिजे."

संचालकांनी एकमेकांकडे पाहिलं. शुक्रवारी दुपारी चारची वेळ ठरली.

रात्रीच्या जेवणाला घणवालीने नवऱ्याला सांगितलं. तो चिडला नाही. "पंख्यावर कोण?" एवढंच त्याने विचारलं.

"मीच."

"मग ठीक आहे," तो म्हणाला आणि निवांत जेवला.

शुक्रवारी चारला भट्टीभोवती तीसेक माणसं होती. चिटणीस आणि दोघे संचालक खुर्च्यांवर. मिस्त्रीचा धाकटा भाऊ दुकान बंद करून आला होता. रस्त्यावर त्याचं फाटकं आणि खिडक्यांचे गज जोडायचं दुकान होतं. पात्याला त्याने जन्मात कधी पाणी दिलं नव्हतं. तो चिटणिसाच्या खुर्चीमागे उभा राहिला.

मिस्त्रीने पातं लाल केलं आणि बुडवलं. पाणी चरचरलं. इथवर त्याचा हात बिनचूक होता. त्याने विटेने पातं घासलं आणि निखाऱ्यांवर धरलं. घणवाली पंखा फिरवत होती. कुरकुर, कुरकुर. पात्याच्या पाठीकडून पिवळा निघाला आणि कडेकडे सरकला. तो कडेला पोहोचला तेव्हा तिने खालचा ओठ दाताखाली धरला. दांडा तिने थांबवला नाही.

मिस्त्री मान किंचित वाकडी करून बसला होता. पिवळा गेला, तपकिरी आला.

"अगं," तो हळूच म्हणाला.

ती फिरवत राहिली. तिचा उजवा खांदा ठणकत होता. मानेवरून घाम पाठीत उतरत होता. पात्यावर जांभळट निळं पसरलं. पहिल्या रांगेतल्या माणसांनाही ते दिसत होतं.

"थांबव ना गं," मिस्त्री म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण चिटणीस दोन हातांवर बसला होता. त्याने ऐकलं.

शेवटी मिस्त्रीने आपल्याच अंदाजाने पातं पाण्यात घातलं. मुकादमिणीने ते घेऊन लाकडाच्या ओंडक्यावर तीन वार केले आणि कड अंगठ्याने पाहिली. "वळली," ती म्हणाली आणि पातं खाली टाकलं.

घणवाली ऐरणीकडे गेली. मिस्त्री उठला नाही. तिला ऐरणीच्या दुसऱ्या बाजूला, एरवी उभी राहायची तिथेच, खाली बसावं लागलं.

"भावजी, पंखा घ्या," ती दिराला म्हणाली.

"मी? बाईच्या हाताखाली पंखा फिरवू?" तो लोकांकडे बघून हसला. "एवढे वाईट दिवस नाही आले अजून, वहिनी."

मुकादमिणीने पदर खोचला आणि दांडा धरला. "उरका लवकर," ती म्हणाली. "दिवस मावळायच्या आत टोळीची भाकर बघायचीय मला."

दुसरं पातं लाल झालं, बुडालं, घासलं गेलं, निखाऱ्यांवर आलं. मुकादमीण वेडावाकडा दांडा फिरवत होती, जाळ कमीजास्त होत होता. घणवालीने पातं दोनदा वर उचललं, दोनदा खाली धरलं. पिवळा कडेला लागला तसा तिचा हात पाण्यात गेला.

मुकादमिणीने ओंडक्यावर दहा वार केले. पातं खाचेत अडकवून वाकवलं आणि सोडलं. ते झणकन सरळ झालं. "हे चालेल," ती म्हणाली.

चिटणीस आणि संचालक गोदामाच्या कोपऱ्यावर जाऊन दहा मिनिटं बोलले. दिरालाही त्यांनी मधेच बोलावून घेतलं. परत येऊन चिटणिसाने उभ्याउभ्याच सांगितलं, "मिस्तरींची नजर अधू झाली, हे सिद्ध झालं. वाईट वाटतं. परवाना धाकट्या भावाच्या नावावर. आणि वहिनी हाताखाली आहेतच. पाणी त्या देतील. काम अडायला नको."

"पातं कुणाचं टिकलं?" घणवालीने विचारलं.

"तेच सांगतोय. तुमच्या कामावर विश्वास आहे म्हणूनच मदतनीस म्हणून तुमचं नाव ठेवलंय. उद्या काही झालं, कुणाला लागलं, तर जाब कुणाला विचारायचा? बाईमाणसाला?"

"मंगळवारी विचारलाच की."

चिटणीस खुर्ची उचलून चालू लागला.

"वहिनी, घरातच राहतंय सगळं," दीर म्हणाला. "परक्याला थोडीच दिलंय? ऐरण वडलांची, पंखा वडलांचा. वडलांचं ते मुलांचं. तुम्ही आपल्या नेहमीसारखा घण मारा, मधे जरा रंग सांगत जा."

"ज्याचं नाव, त्यानं पाणी द्यावं," ती म्हणाली.

"दादा, तू तरी सांग हिला."

मिस्त्री अजून ऐरणीपाशीच बसून होता. लोक पांगल्यावर, भिंतीला धरत घराकडे येताना तो तिला म्हणाला, "चार माणसांत आंधळा केलंस मला."

"तुम्ही आधी मला खोटी पाडलीत."

"मी तुला घराबाहेर तर नाही काढलं ना?" तो म्हणाला. घरात गेल्यावर त्याने भिंतीकडे तोंड केलं. सासूने त्या दिवशी ताटं वाढली ती दोनच, स्वतःचं आणि मुलाचं.

शनिवारी सोसायटीने दिराला पोलादी छाप दिली. मंगळवारच्या अपघातामुळे नवा नियम केला होता: छाप नसलेला विळा सोसायटीच्या शेतात चालणार नाही. दिराने रस्त्यावरच्या दुकानातल्या पोराला घणावर उभं केलं आणि शनिवार-रविवारात चाळीस विळे काढले. प्रत्येकाच्या पात्यावर मुठीजवळ छाप मारली. रंगाबद्दल विचारायला तो एकदा घरी येऊन गेला. घणवाली कपडे धूत होती. "पिवळ्यावर घालायचं ना, वहिनी?" त्याने विचारलं. "हो," ती म्हणाली. "पण कुठला पिवळा?" ती कपडे आपटत राहिली.

सोमवारी सहाला टोळी शेतात उतरली. सव्वासातपर्यंत एकोणीस विळ्यांची धार वळली आणि चार तुटले. पावणेआठला मुकादमिणीने सगळ्यांना बांधावर बोलावलं, विळे गोळा केले आणि दोन बायांच्या डोक्यावर देऊन ती निघाली. भट्टीवर न थांबता ती घणवालीच्या घराच्या मागच्या अंगणात आली.

घणवालीने तिथे खड्डा खणून निखारे केले होते. ऐरणीच्या जागी रुळाचा वीतभर तुकडा होता, वारा घालायला लोखंडी नळी. ती भिंतीशी लावलेल्या विळ्यांपैकी एकाला मूठ बसवत होती.

"छत्तीस आहेत," मुकादमीण म्हणाली. "तुटलेले आणले नाहीत. पाणी दे."

"तुम्हीच म्हणालात ना, बाईनं पाणी दिलं म्हणून?"

"म्हणाले. आता ते उगाळायला वेळ नाही."

"माझ्याकडे आहे." घणवालीने मूठ खाली ठेवली. "मंगळवारी भट्टीवर ओरडलात, तेवढ्याच आवाजात इथं म्हणा."

मुकादमिणीने मागे उभ्या असलेल्या दोघींकडे पाहिलं. सासू दाराआडून बघत होती. "बुधवारचे विळे हिनं केले नव्हते," मुकादमीण म्हणाली. आवाज मोठा होता, शेजारच्या अंगणात ऐकू गेला. "झालं?"

घणवालीने गठ्ठ्यातला पहिला विळा घेतला, रुळाच्या तुकड्यावर धरला आणि कानस उचलली. मुठीजवळची छाप ती घासू लागली.

"अगं, ती कशाला घालवतेस? छापेशिवाय आत सोडणार नाहीत."

"त्याच्या छापेखाली मी पाणी देणार नाही."

"मग मी काय करू?"

"तुमचं तुम्ही ठरवा. विळा पाहिजे की छाप?"

मुकादमिणीने वर चढलेल्या उन्हाकडे पाहिलं. मग तिने बरोबरच्या दोघींना निखाऱ्याशी बसवलं, एकीच्या हातात नळी दिली, आणि स्वतः दुसरी कानस शोधू लागली.

छत्तीसही विळे व्हायला साडेबारा वाजले. पाऊणच्या सुमारास टोळी शेतावर परतली. कापणी थांबल्याचं कळून चिटणीस दहापासूनच शेताच्या फाटकात मोटारसायकल आडवी लावून उभा होता. त्याने पहिला विळा हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला, कडेवरून बोट फिरवलं आणि परत दिला. धारेबद्दल तो काही बोलला नाही. छाप नाही, म्हणून आत जाता येणार नाही, असं म्हणाला. मुकादमिणीने सोसायटीच्या अध्यक्षांना फोन लावायला सांगितलं. अध्यक्ष बाहेरगावी होते. दीर छाप घेऊन आला, पण विळा मिळालेल्या छत्तीसपैकी एकाही बाईने तो त्याच्या हातात दिला नाही. तो रस्त्यावरच्या दुकानात परत गेला. मिस्त्री भट्टीवर जाऊन बसल्याचं कुणीतरी सांगितलं. तिथे जाळ नव्हता.

दुपारी दोनपर्यंत एकही बाई शेतात उतरलेली नव्हती. छत्तीसही विळे बायांच्या हातातच होते.